बिनगाण्याची मंडळी

सुलभा खैरनारला गाणी आवडत नसत असं नाही. चारचौघींसारखी तीही कणीक मळताना गुणगुणायची. पण सिनेमा बघताना तिचं खरं लक्ष असायचं ते गाणं संपल्यानंतर. नायिका एकटीच जिना उतरतेय, कुणी काही बोलत नाहीये आणि मागे कुठेतरी सारंगी वाजतेय, अशा जागी तिच्या अंगावर काटा यायचा. नाशिकला थिएटरातून बाहेर पडल्यावर मैत्रिणी गाणी म्हणत चालायच्या आणि सुलभा विचारायची, "तो स्टेशनावर उभा होता ना, तेव्हा मागे काय वाजत होतं गं? सनई की क्लॅरिनेट?" मैत्रिणी एकमेकींकडे बघायच्या. त्यांच्या लेखी तेव्हा काहीच वाजत नव्हतं.

१९८६ साली तिच्या नवऱ्याला, प्रमोदला, सिल्वासाच्या आमली औद्योगिक वसाहतीत धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरची नोकरी लागली. नाशिकचं बिऱ्हाड हलवून सगळे टोकरखाड्याला दोन खोल्यांत राहायला आले: प्रमोद, सुलभा, बालवाडीच्या वयाची ऋचा आणि प्रमोदची आई तानूबाई. तानूबाईंना नवं गाव पहिल्या आठवड्यातच मानवलं. भाजीवालीशी गुजराती, दूधवाल्याशी हिंदी आणि पलीकडच्या वारली बाईशी वारली, असा त्यांचा कारभार सुरू झाला. या तिन्ही भाषा त्या मराठीतच बोलायच्या आणि गंमत म्हणजे समोरच्याला कळायच्या. सुलभाला मात्र करमेना. प्रमोदची शिफ्ट, त्यात मशीन बंद पडलं की अवेळी बोलावणं. चांगला सिनेमा बघायचा तर वापी गाठायची. कुणाशी बोलावं, काय बोलावं, काही सुचेना.

मग तिने घरातल्या घरात एक उद्योग काढला. माहेरहून आलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर ती टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टुलावर ठेवायची आणि मालिका सुरू झाली की रेकॉर्डचं बटण दाबायची. पात्रं बोलायला लागली की थांबवायची, नुसतं संगीत आलं की पुन्हा दाबायची. बोट बटणावर, डोळे पडद्यावर. तेव्हा 'चुंगी नाका' नावाची एक मालिका लागायची. जकात नाक्यावरच्या कारकुनांची साधीच गोष्ट, पण तिच्या संगीताने सुलभाला वेड लावलं होतं. ती मालिका लागली की घरातल्यांचे पुतळे व्हायचे. प्रमोद जेवत असला तर पापड मोडायचा थांबायचा.

एका भागात म्हातारा कारकून निवृत्त होऊन नाक्यावरून शेवटचा निघतो, असा प्रसंग होता. त्याच्या हातात छत्री, मागे रिकामा रस्ता आणि एक बासरी. सुलभाने अगदी वेळेवर बटण दाबलं. बासरी हळूहळू खाली उतरत गेली, आता थांबणार, आता थांबणार, असं झालं आणि भांडी घासता घासता मोरीतून तानूबाईंचा आवाज आला, "सुलभे, अगं दूध उतू चाललंय! गॅस बंद कर आधी!"

सुलभा डोक्याला हात लावून खाली बसली.

"आई, अहो काय केलंत हे!"

"मी काय केलं? दूध काय तुझ्या बासरीसाठी थांबणार होतं?" तानूबाई म्हणाल्या. त्यांच्या बाजूने तो विषय तिथेच संपला.

तो भाग पुन्हा लागला नाही. सुलभाकडे ती बासरी राहिली ती दुधासकट.

एकदा किलवणी नाक्याजवळच्या कॅसेटच्या दुकानात जाऊन तिने चाचरतच विचारलं, "गाणी नसलेली कॅसेट मिळेल का? म्हणजे सिनेमाचीच, पण नुसतं मागचं संगीत?"

दुकानदाराने तिला आधी भजनं दाखवली, मग सनईवादन दाखवलं. शेवटी तो म्हणाला, "बेन, तुमच्यासारखा अजून एक आहे गावात. बँकेत असतो. त्याला पण माणसाचा आवाज चालत नाही. पुढच्या शनिवारी दुपारी या, तो येतोच."

तो अरविंद. बँकेत कारकून, पस्तिशीचा, बिनलग्नाचा. त्याचं घराणं कितीतरी वर्षं सिल्वासातच होतं. घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलून त्याची भाषा दोन्हीकडची झाली होती. वर्षातून दोनदा तो मुंबईला जायचा तो फक्त इंग्रजी सिनेमांच्या संगीताचे अल्बम आणायला. प्रत्येक कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा कपाटात. शनिवारी दुकानात दोघं उभ्याउभ्याच बोलायला लागली आणि गिऱ्हाइकांची वाट अडली म्हणून दुकानदाराने त्यांना बाहेर काढलं. बाहेर निंबाखाली उभी राहूनही ती बोलतच राहिली.

"सुलभाबेन, तुम्हाला खरं सांगू?" अरविंद म्हणाला. "इतक्या वर्षांत मला वाटायचं, हा रोग मला एकट्यालाच आहे."

"मला पण!" सुलभा म्हणाली आणि हसत सुटली. त्या दिवशी ती घरी आली ती जवळजवळ धावतच.

प्रमोदने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग बोलाव की त्यांना रविवारी. फक्त मला दुपारी झोपू द्या."

रविवारी अरविंद आला. तानूबाईंनी पोहे पुढे केले. पोहे खाऊन झाल्यावर तो मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आला, रुमालाला पुसले, मग पुन्हा एकदा पुसले आणि तेव्हा कुठे त्याने डबा उघडला. "मोठा सोवळ्याचा आहे हो तुमचा पाहुणा," तानूबाई आत येऊन कुजबुजल्या. "आणि देव कुठला, तर टेप!"

मंडळी वाढली ती अशीच, रस्त्यावरच्या माणसांनी. नवनाथ साक्रीकडचा. प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होता. पहिली पाळी सुटल्यावर सायकलने खोलीवर जाताना सुलभाच्या खिडकीतून घोड्यांच्या टापांसारखा ढोल ऐकू आला आणि तो सायकल टेकवून तिथेच उभा राहिला. तानूबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय रे, कोण पाहिजे?"

"कोणी नको, आजी," तो ओशाळून म्हणाला. "हे 'सात गढ'मधलं शे ना? किल्ल्याचा दरवाजा उघडतो तेव्हाचं?"

आतून सुलभा धावत बाहेर आली. ते 'सात गढ' मालिकेतलंच होतं आणि दरवाजा उघडतानाचंच होतं.

कावेरी ही ऋचाच्या बालवाडीची बाई. तलासरीकडची, अंगाने बारीक, बोलणं इतकं हळू की पालकांना पुढे वाकून ऐकावं लागायचं. ऋचाला सोडायला म्हणून एकदा घरी आली, टेबलावरच्या कॅसेटी बघितल्या आणि तिचे डोळे चमकले. "भुताच्या सिनेमाचं काही आहे का हो, सुलभाताई?"

"तुला भुताचं आवडतं?"

"फार! दिवसभर लहान मुलांपुढे गोड गोड बोलायचं. घरी गेल्यावर मला काहीतरी किंचाळणारं लागतं."

तेव्हापासून दर रविवारी चहाच्या वेळेला ही मंडळी जमायला लागली. शेजारपाजारच्यांनी तिला नाव ठेवलं 'बिनगाण्याची मंडळी', आणि मंडळींनी ते हौसेने उचललं. सतरंजीवर मध्ये टू-इन-वन, भोवती सगळे. एखादी कॅसेट पूर्ण वाजली की तोंडं सुटायची आणि मग कुणी कुणाला ऐकायचं नाही.

अरविंदचा लाडका अल्बम होता समुद्रात हरवलेल्या एका पाणबुडीच्या सिनेमाचा. "याच्यात क्रम बघा," तो म्हणायचा. "पहिल्या बाजूला पाणबुडी खाली खाली जाते. बाजू बदलायला तुम्ही उठता, तेवढाच श्वास. दुसऱ्या बाजूला ती वर येते. मध्येच एक तुकडा काढून ऐकलात तर काय कळणार? अल्बम म्हणजे थाळी असते, सुलभाबेन. नुसती कोशिंबीर उचलून चालत नाही."

"पण सिनेमातली सगळ्यात चांगली धून तर त्याच्यावर नाहीच," सुलभा म्हणायची. "तुम्हीच म्हणालात. कप्तान फोटो फाडतो तेव्हाची."

"ती नाही," अरविंद खिन्न होऊन कबूल करायचा. "काय माहीत, का गाळली. त्या माणसाला मी भेटलो ना कधी, तर एवढंच विचारणार आहे."

नवनाथला हळवं काही चालायचं नाही. "आठ तास मशीनचा आवाज कानात घुमत राहतो, ताई. बासरीबिसरी त्याच्यात बुडून जाते. मला ढोल पाहिजे, तुतारी पाहिजे. मशीनच्या वरचढ झालं पाहिजे." कावेरीचं म्हणणं, खरं संगीत भीतीचंच, कारण तिथे वाजवणाऱ्याला लपायला गाण्याचा आधार नसतो. आणि एका तारेवर घासून घासून तो जो आवाज काढतात, तो आला की ती डोळे मिटून, समाधानाने, बर्फी खावी तशी मान हलवायची.

तानूबाई दाराशी तांदूळ निवडत बसायच्या आणि कुणी विचारलं नाही तरी निकाल द्यायच्या. "हे चांगलंय. हे रडकं आहे. हे काय, कुणी भांडी पाडली?"

वाद व्हायचे, पण ते बिस्किटाबरोबर संपायचे. एक वाद मात्र संपला नाही.

१९९१च्या उन्हाळ्यात मंडळी दादऱ्याला वनगंगा तलावाच्या बागेत सहलीला गेली. प्रमोदही आला आणि आल्याआल्या झाडाखाली आडवा झाला. ढोकळा झाला, कैरीचं पन्हं झालं आणि अरविंदने पाणबुडी लावली. पहिली बाजू कुणी मध्ये बोलायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. तानूबाईंनी बराच वेळ दम धरला आणि मग विचारलं, "बुडाली का रे अजून?" कावेरीला हसू आवरेना. अरविंदचा चेहरा उतरला. त्यात सुलभाने, त्याचं मन दुखवावं म्हणून नव्हे तर अगदी सहज, आपली 'चुंगी नाका'ची टेप लावली. बासरी, छत्रीवाला कारकून, आणि मग ते दूध. सगळ्यांना ते पाठ होतं. नवनाथ आणि कावेरीने तानूबाईंच्या सुरात सूर मिसळून 'गॅस बंद कर आधी' म्हटलं.

"हा माझा सगळ्यात आवडता अल्बम," सुलभा म्हणाली.

"हा अल्बम नाही," अरविंद म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच, सुलभाबेन. टीव्हीपुढे डबा धरून जे भरलं त्याला अल्बम म्हणत नाहीत. ज्याने संगीत केलं त्याच्या कानावर हे पडलं तर तो काय म्हणेल? कुकरच्या शिट्ट्या, दूध, शेजारचा कुत्रा! हा संगीताचा अपमान आहे."

सुलभाने टेप बंद केली. तिच्याकडच्या बहुतेक कॅसेटी अशाच भरलेल्या होत्या. सिल्वासात आल्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळी त्यांत होत्या.

"तुम्हाला मुंबईला जाऊन आणता येतं, अरविंदभाई," ती शेवटी म्हणाली. "ज्याला हवं ते दुकानात मिळतच नाही, त्याने ऐकायचंच नाही का?"

"वाईट ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं."

परतताना अरविंद बसमध्ये पुढे एकटाच बसला. पुढच्या रविवारी अरविंद आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मंडळी जमायची, पण भांडायला कुणी नसल्यामुळे लवकर उठायची. "त्या सोवळ्याला बोलवा की कुणीतरी," तानूबाई म्हणायच्या. "नुसतं होला हो म्हणायचं, याला काय गप्पा म्हणतात?" सुलभा चहाचे कप उचलायला लागायची. तिला राग होताच, पण रविवारी चार वाजले की तिचे डोळे फाटकाकडे जायचे, तेही खरं.

त्या वर्षी टोकरखाड्यातल्या मराठी लोकांच्या गणपतीला वलसाडहून ऑर्केस्ट्रा ठरला होता. आदल्या दिवशी निरोप आला की मुख्य गायकाचा घसा बसलाय, कार्यक्रम होणार नाही. मंडप तयार, कर्णे लागलेले, वर्गणी दिलेले लोक संध्याकाळची वाट बघत असलेले. मंडळाच्या बैठकीत सगळे हवालदिल होऊन बसले होते. तेव्हा प्रमोद, जो बैठकीत फक्त चहा पिण्यासाठी तोंड उघडायचा, म्हणाला, "माझ्या बायकोकडे आहे एक कार्यक्रम."

घरी आल्यावर सुलभा त्याच्यावर उसळली. "अहो, तुम्ही हे काय बोलून बसलात? ऑर्केस्ट्राच्या जागी बिनगाण्याचं संगीत? लोक खुर्च्या फेकतील!"

"इतकी वर्षं दर रविवारी तुम्ही माझी झोप मोडता," प्रमोद शांतपणे म्हणाला. "एक दिवस गावाची मोडा."

कावेरीनेच युक्ती काढली. बालवाडीत ती मुलांना डोळे मिटून आवाज ओळखायला लावायची. तसंच करायचं: संगीत वाजवायचं, आणि लोकांनी सांगायचं, काय चाललंय, कोण येतंय, कुठे जातंय. पण कर्ण्यांवर वाजवायचं तर चांगल्या कॅसेटी हव्यात, चांगला डेक हवा. दोन्ही एकाच माणसाकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा पदर खोचून थेट बँकेत गेली.

अरविंदने तिला काउंटरपलीकडून बघितलं आणि हातातला शिक्का तसाच धरून राहिला. सुलभाने एका दमात सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मागची रांग चुळबुळायला लागली.

"येतो," तो म्हणाला. "डेक पण आणतो. पण एक अट. घरी भरलेली एकही टेप लावायची नाही."

"नाही लावणार," सुलभा म्हणाली. गरज तिची होती.

संध्याकाळी मंडप भरला. धाग्याच्या, प्लास्टिकच्या, औषधांच्या कारखान्यांतले लोक, त्यांच्या बायका, पोरं, पुढे सतरंजीवर म्हाताऱ्या. कावेरीच्या हातात माईक दिला तर तिचा आवाज मागपर्यंत जाईच ना, दोनदा 'मोठ्याने!' असं ओरडल्यावर ती एकदम बालवाडीच्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी डोळे मिटा बरं!" आणि आश्चर्य म्हणजे अख्ख्या मंडपाने डोळे मिटले.

पहिल्यांदा नवनाथचा ढोल. मागून कुणीतरी ओरडलं, "लढाई!" दुसरा म्हणाला, "लढाई कसली, वापीची शेवटची बस सुटतेय!" हशा पिकला. मग पाणबुडी. "विहीर!" एक बाई म्हणाली. "लिफ्ट!" "माझं पोट, सकाळपासून!" अरविंद डेकजवळ ताठ बसून होता, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. मग कावेरीचं भुताचं संगीत लागलं, ती तारेवरची घासाघीस, आणि एक पाऊल, दुसरं पाऊल. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात कोपऱ्यातून एक कामगार घाबऱ्या आवाजात म्हणाला, "उठा रे, सुपरवायझर आला!" त्यानंतर कितीतरी वेळ काही वाजवताच आलं नाही.

कार्यक्रम रंगला होता. अरविंद पाणी प्यायला उठला आणि डेकवर नवनाथ बसला. हीच संधी साधून तानूबाई, नऊवारीचा ओचा सावरत, व्यासपीठाच्या बाजूने वर आल्या. कमरेला खोचलेली कॅसेट काढून त्यांनी नवनाथच्या हातात ठेवली.

"ही लाव."

"आजी, ही कुठली?"

"विचारू नको. सगळ्यांचं लागलं, माझंच राहिलंय."

तानूबाईंना नाही म्हणायची रीत त्या घरात नव्हती आणि नवनाथ आता त्या घरातलाच होता. त्याने लावली.

कर्ण्यांमधून बासरी आली. सुलभाने ती पहिल्या सुरालाच ओळखली. ती डेककडे धावणार तोच तिला दिसलं, लोक डोळे मिटून अगदी स्तब्ध झाले होते. "कुणीतरी चाललंय," पुढची एक म्हातारी हळूच म्हणाली. "एकटंच." दुसऱ्या कुणी काही म्हटलं नाही. बासरी उतरत उतरत तळाशी आली.

"सुलभे, अगं दूध उतू चाललंय! गॅस बंद कर आधी!"

मंडपातल्या निम्म्या बायका ताडकन उठून उभ्या राहिल्या. एक तर दोन पावलं घराकडे चाललीसुद्धा. क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग जो हास्याचा स्फोट झाला तो पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. तानूबाई व्यासपीठावर उभ्या राहून, निवडून आलेल्या उमेदवारासारखे हात जोडत होत्या.

सुलभा अरविंदकडे बघायला धजत नव्हती. तो पाण्याचा पेला हातात घेऊन मंडपाच्या खांबाशी उभा होता. चेहरा लालबुंद. ती जवळ गेली. "अरविंदभाई, देवाशपथ, मी नाही—"

आणि तिला दिसलं की तो रागावलेला नव्हता. त्याला हसू दाबता येत नव्हतं. दाबता दाबता ते नाकातून आलं, पेल्यातलं पाणी सांडलं आणि मग तो खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"वन्स मोअर!" लोक ओरडत होते.

अरविंद डेकपाशी गेला. रुमालाने हात पुसले. टेप मागे घेतली, नेमकी बासरी सुरू होते तिथे आणून थांबवली आणि पुन्हा लावली. या वेळी सगळा मंडप तानूबाईंबरोबर ओरडला.

पुढच्या रविवारी चारच्या ठोक्याला फाटक वाजलं. अरविंद पोह्यांना नको म्हणत आत आला, सतरंजीवर बसला आणि खिशातून कोरी कॅसेट काढली. "सुलभाबेन, ती 'चुंगी नाका'ची मला भरून द्या."

"पण तो अल्बम नाही ना?"

"नाहीच," अरविंद म्हणाला. "अल्बम नाही, हे माझं मत कायम आहे. पण भरून द्या."

त्या गणपतीनंतर सुलभाला गावात लोक ओळखायला लागले. आणि नवनाथच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. दोन वर्षांनी त्याने कारखाना सोडला आणि लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा सुरू केला. किलवणी नाक्यावर छोटीशी खोली, दोन व्हीसीआर, एक टीव्ही. तेव्हा लग्नाच्या कॅसेटी सगळ्या एकसारख्याच असायच्या. हळदीला एक ठरलेलं गाणं, वरातीला एक, मुलगी सासरी निघाली की तिसरं. नवनाथ सुलभाला म्हणाला, "ताई, मागचं संगीत तुम्ही लावा. सिनेमासारखं. पहिली कॅसेट कावेरीचीच आहे, चुकलं तरी घरातल्या घरात."

कावेरीचं लग्न बोईसरच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. सुलभाने नवनाथच्या त्या कोंदट खोलीत बसून ते सगळं लग्न पुन्हा पुन्हा बघितलं. कुठे संगीत घालायचं हे तिला लगेच सुचायचं. कुठे घालायचं नाही, हे ठरवायला वेळ लागायचा. कावेरीचे वडील मंडपाच्या मागे जाऊन, कुणी बघत नाही असं समजून, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. नवनाथने ते टिपलं होतं. तिथे तिने सारंगी लावून बघितली आणि काढून टाकली. नुसता मंडपातला गलका ठेवला.

कावेरीची मात्र एक फर्माईश होती. नवऱ्याच्या तीन आत्या, सगळ्या धिप्पाड, सगळ्या गंभीर, एका ओळीत मंडपात शिरल्या होत्या. "तिथे माझं भुताचं लावा ना, सुलभाताई. जरासंच."

"अगं, तुला नांदायचंय त्यांच्यात!"

"म्हणून तर!"

सुलभाने खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी लावलं. जरासंच. कॅसेट बोईसरला पोहोचली आणि आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला. मग कावेरी माहेरपणाला आली ती हसतच. सगळं कुटुंब कॅसेट बघायला बसलं होतं. वडिलांचा तो प्रसंग आला तेव्हा सासरे उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने आत आले. आणि आत्यांचा प्रवेश झाल्यावर थोरल्या आत्या पदर नीट करत म्हणाल्या होत्या, "बघा, आमच्यावर कसं भारदस्त संगीत लावलंय! इतरांच्या वेळी आहे का असं?" पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या नातीचं लग्न होतं, आणि त्यांनी नवनाथला आधीच सांगून ठेवलं होतं.

काम वाढत गेलं. रांध्यापासून खानवेलपर्यंत लोक 'त्या संगीतवाल्या बाईंची कॅसेट' मागायला लागले. कॅसेटच्या शेवटी नवनाथ अक्षरं टाकायचा: 'पार्श्वसंगीत निवड: सौ. सुलभा खैरनार'. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा सुलभाने टीव्ही बंद केला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. प्रमोदने ते कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, हे तिला बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

१९९६ मध्ये प्रमोदला पुण्यात नोकरी चालून आली. मोठी कंपनी, मोठं घर. दहा वर्षांपूर्वी सुलभाने आनंदाने बोचकी बांधली असती. आता तो सांगत होता आणि ती ताटातली भाजी नुसतीच इकडची तिकडे करत होती.

"तुला काय वाटतं?" प्रमोदने विचारलं.

"तुमची नोकरी आहे. मी काय सांगू?"

"माझी नोकरी मशीनची आहे. मशीन कुठेही बिघडतं. तुझं काय ते सांग."

सुलभाने मान वर केली. "मला इथेच राहायचंय," ती म्हणाली. इतकं सरळ वाक्य आपल्या तोंडून आलं याचं तिलाच नवल वाटलं.

"झालं तर मग," तानूबाई म्हणाल्या. "वाढ त्याला आमटी."

प्रमोदने पुण्याला नकार कळवला, जवळच दादऱ्याच्या एका कारखान्यात बढतीची नोकरी धरली आणि बिऱ्हाड टोकरखाड्यातच राहिलं.

त्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी वर्षा नावाची एक मुलगी आली. पुण्याची, नुकतंच लग्न होऊन नवऱ्याबरोबर सिल्वासात आलेली. कुठल्याशा लग्नाची कॅसेट बघून पत्ता शोधत आली होती. चपला काढता काढताच तिने सांगून टाकलं की तिला व्हायोलिनचे ताफे वगैरे जुनाट वाटतात. आता एका कीबोर्डवर एकटा माणूस जे करतो, त्याची सर त्या ताफ्यांना येणारच नाही, आणि तिच्याकडे एका नव्या मालिकेचा अल्बम आहे, तो ऐकला तर सगळ्यांचं मत बदलेल.

अरविंदने चष्मा काढला आणि पुसला. नवनाथने सतरंजी पुढे ओढून तिला जागा करून दिली. तानूबाई म्हणाल्या, "बस गं बाई. इथे मत कुणाचं बदलत नाही, पण बोल."

चहाची वेळ झाली होती, दूध ओट्यावर काढून ठेवलेलं होतं. सुलभा काही उठली नाही. अरविंद आता काय म्हणतो, ते तिला पहिल्या शब्दापासून ऐकायचं होतं.